व्यायामाच्या रबरी ट्यूबचा सेट, अकरा महिन्यांनंतर: रबर चांगलं, कडीने घात केला

मे महिन्यातली सकाळ, साडेसहाचा सुमार. दाराला अडकवलेली निळी ट्यूब दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढत होतो. अकराव्यांदा की बाराव्यांदा ओढताना ट्यूब आणि हँडल जोडणारी डावीकडची कडी तुटली. ट्यूब सपकन दारावर आदळली, रिकामं हँडल हातात राहिलं आणि मी दोन पावलं मागे जाऊन पलंगावर बसलो. मागे पलंग होता म्हणून बसलो. तिथे उंबरा असता तर ६६ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडलो असतो. म्हातारपणी पडू नये म्हणून घेतलेल्या वस्तूनेच मला पाडलं असतं, हे मी अजून विसरलेलो नाही.

सेटमध्ये वेगवेगळ्या ताणाच्या रंगीत ट्यूब, हँडल आणि ते जोडायच्या धातूच्या कड्या येतात, त्यात जास्त वेळ घालवत नाही. किंमत ११५० रुपये. राहायला भुसावळ, रेल्वेत फिटर म्हणून ३४ वर्षं काढली, त्यामुळे तुटलेला भाग कचऱ्यात टाकायची सवय नाही. उजेडात धरून पाहिला. पोलादाची कडी असती तर आधी वाकली असती, तोंड उघडलं असतं, आपल्याला समजलं असतं. ही वाकलीच नाही. तुटल्या जागी राखाडी रवाळ दाणा आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. म्हणजे जस्ताचं ओतकाम, वरून चकचकीत मुलामा. ओतताना आत हवा अडकली की असं भोक राहतं आणि कडी तिथूनच जाते. रबरावर माणूस रोज नजर टाकतो, या कडीकडे कोणी बघत नाही. सेट घेतला असेल तर आज कड्या बघा.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की वॉरंटी रबराची आहे, धातूच्या भागांची नाही. मी फक्त एक कडी मागत होतो. सहा मेल झाले, सतरा दिवस गेले, मग पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ म्हणाले. नाद सोडला. बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून पोलादी शॅकल (पिनने बंद होणारी यू आकाराची कडी) आणले, नग ३५ रुपये. दहाच्या दहा कड्या बदलल्या. तेव्हापासून त्या जागेचा विचार करावा लागलेला नाही.

आता मूळ गोष्ट. मागच्या डिसेंबरात यावलकडे मित्राच्या शेतात भरिताची पार्टी होती. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ, कळण्याच्या पुऱ्या. जेवण झालं, सगळे उठले, मला मांडीवरून उठता येईना. एक हात जमिनीला, दुसरा भाच्याच्या खांद्यावर, तेव्हा उठलो. गुडघे दुखत नव्हते. मांडीत जोरच नव्हता. माझं वजन पंधरा वर्षांत हललेलं नाही म्हणून मी समजत होतो की तब्येत जशीच्या तशी आहे. भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिने समजावलं की वजन तेवढंच राहून आतला माल बदलतो, स्नायू जातात आणि चरबी येते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी पोषणतज्ज्ञांनी सुचवलं. त्यातही झटकन काम करणारे तंतू जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला लागतात ते हेच.

तिने खुर्चीची परीक्षा घेतली. हात छातीवर बांधायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाचे १२ पेक्षा कमी आले तर ते सरासरीखाली धरतात. माझे नऊ आले. त्याच रात्री सेट मागवला.

जानेवारीत माझं मत वाईट होतं. निळ्या ट्यूबवर ३० पौंड छापलंय, म्हणजे साडेतेरा किलो. पण मला ती फार हलकी लागायची. घरात सिलिंडर मोजायचा स्प्रिंगचा काटा आहे. ट्यूबचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसऱ्याला काटा लावला आणि फरशीवर खडूने खुणा करत ओढत गेलो. दीडपट ताणली तर ४ किलो, दुप्पट ताणली तर साडेसहा, अडीचपट ताणली तर साडेआठ. माझा हात त्याच्या पुढे जात नाही. साडेतेरा किलो कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. ही खेळणी आहेत, यापेक्षा लोखंडी डंबेल बरे, असं मी घरात बोलूनही दाखवलं.

पण त्याच खडूच्या खुणांनी मत बदललं. डंबेल पाच किलोचा असला की पाचच किलो. इथे पाय चार बोटं मागे सरकवला की अर्धा किलो वाढतो. दर आठवड्याला खूण थोडी मागे. याच वाढवण्याला खरी किंमत आहे. त्याच त्या हलक्या ताणावर वर्षभर हात हलवले तर स्नायूला काही कळत नाही. १९९० साली बॉस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे व्यायाम करून घेतला होता, तोही हलका नव्हे, झेपेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या वजनाने. ज्यांनी तो पुरा केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट, तीही नव्वदीत. वय झालं म्हणून अंथरूण धरलेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

मी सोमवार, बुधवार, शुक्रवार करतो, मधले दिवस स्नायूला सावरायला सोडतो. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. मला बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे हे पक्कं पाळतो.

मांड्यांसाठी मात्र ट्यूब पुरत नाही. पायाखाली धरून उठाबशा केल्या, घसरते, टाच सुटते. पायांना मी खुर्चीच वापरतो. पिशवीत पाच किलो ज्वारी भरून छातीशी धरायची आणि उठायचं-बसायचं. जुलैपासून दहा किलो. याला एक रुपया लागला नाही आणि माझ्या पायात जो फरक पडला त्यातला बहुतेक याचाच आहे. आता ३० सेकंदांत पंधरा होतात. ट्यूबचा फायदा खांद्याला, पाठीला आणि पकडीला. पाण्याची कळशी माळ्यावर ठेवताना कळतं.

खाण्याबद्दल थोडं. माझं वजन ६८ किलो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५६ ग्रॅम प्रथिनं. म्हाताऱ्या माणसाला १ ते १.२ ग्रॅम हवीत असं या विषयातले लोक सांगतात, म्हणजे ६८ ते ८२. मी सकाळी चहा-चिवडा आणि रात्री खिचडी खाणारा, कुठून भरणार? डब्यातली पावडर घेतली नाही, परवडतही नाही. सौ. आठवड्यातून दोनदा फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले गोळे, करते. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीत ११ ग्रॅम निघतात, सोबत कढी, रात्री दूध. खिचडीत डाळ दुप्पट.

रबराबद्दल, मान्य करायला हवं, तक्रार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि ऊन-उष्णता रबराची वैरी. एक पिवळी ट्यूब मार्चमध्ये गच्चीच्या दारावर टांगलेली राहिली, तिला टोकापाशी केसासारख्या भेगा पडल्या. ती कापून टाकली. बाकीच्या टाल्कम लावून लोखंडी कपाटात खालच्या खणात ठेवल्या, आजही नव्यासारख्या आहेत.

ऑगस्टमध्ये कंपनीकडून न मागता अख्खा नवा सेट आला. आनंद झाला, खोका उघडला. कड्या त्याच, जस्ताच्या. म्हणजे माझे फोटो कोणी बघितलेच नाहीत. म्हणून पाचातले दोन तारे कापतोय. रबराला पाच दिले असते.

मागच्या आठवड्यात शेतात या वर्षीचं पहिलं भरीत झालं. मांडी घालून जेवलो आणि हात न टेकता उठलो. अमळनेरची मोठी बहीण शेजारी बसली होती, ७२ वर्षांची. तिने पाहिलं, म्हणाली, "मन्हासाठे बी लई ये भाऊ." म्हणजे माझ्यासाठीही आण. नवा सेट तिलाच देतोय. दहाही कड्या काढून शॅकल बसवले आहेत, फक्त सर्वांत हलकी ट्यूब बाहेर ठेवली आहे, बाकीच्या बांधून ठेवल्या आहेत. रविवारी जाऊन देतो, आणि खडूही नेतो.