केंटकीतलं नोहाचं तारू: भांडण डार्विनशी कमी, घरच्यांशीच जास्त

अमेरिकेत सिनसिनाटीच्या विमानतळावर उतरलेल्यांना केंटकी राज्यातली दोन ठिकाणं हमखास सुचवली जातात: पीटर्सबर्गचं क्रिएशन म्युझियम (2007), म्हणजे सृष्टी देवानेच घडवली असं मांडणारं संग्रहालय, आणि विल्यम्सटाउनचं आर्क एन्काउंटर (2016), म्हणजे जलप्रलयातून प्राणी वाचवायला बायबलातल्या नोहाने बांधलेल्या तारवाची प्रतिकृती. दोन्ही ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेची. तिचे संस्थापक केन हॅम मूळचे ऑस्ट्रेलियाचे. बायबल अक्षरशः खरं आणि म्हणून पृथ्वी जेमतेम 6,000 वर्षांची आहे, हा या संस्थेचा पाया. विज्ञान शिकायला जाणार असाल तर पेट्रोल वाचवा. पण अमेरिकेतल्या उजव्यांची आपापसात उत्क्रांतीवरून कुठे बिनसतं ते बघायचं असेल, तर याहून सोयीची जागा नाही.

आधी तारू. बायबलातलं माप 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच. इथे एक हात 20.4 इंचांचा धरलाय, म्हणून लांबी 510 फूट, रुंदी 85 आणि उंची 51. लाकूडकामाला दाद द्यावीच लागते. आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या सुतारांचे सांधे जवळ जाऊन बघा. मागची बाजू मात्र नुसत्या इमारतींना टेकलेली आहे. लिफ्ट आणि स्वच्छतागृहं तिकडे. हे तारू पाण्यात सोडायचं नाहीच.

खालच्या मजल्यावर मंद उजेडात पिंजऱ्यांच्या रांगा आणि जनावरांचे आवाज. पिंजऱ्यांत डायनासोरसुद्धा आहेत, पण जागेचा हिशोब जमावा म्हणून पिल्लं. खरी गंमत फलकांवर आहे. नोहाने प्रत्येक प्रजाती नव्हे, प्रत्येक ‘प्रकार’ घेतला: सुमारे 1,400 प्रकार, 7,000 च्या आत प्राणी. म्हणजे सिंह, वाघ, चित्ता आणि घरची मनी एकाच प्रकारातून फुटली, तीही जलप्रलयानंतरच्या साधारण 4,350 वर्षांत. डार्विनलाही एवढी घाई नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरचं लहान मुलांच्या पुस्तकांचं दालन चुकवू नका. छतातून जिराफाची मान बाहेर आलेली गोंडस तारवं तिथे मांडली आहेत, आणि अशा चित्रांमुळेच मुलांना प्रलय ही परीकथा वाटू लागते, असं बजावलंय. हा टोला नास्तिकांना नाही. चर्चच्या रविवारच्या शाळेत ती पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या श्रद्धाळू आईबापांना आहे. म्युझियममध्ये सुरुवातीपासून गाजलेला देखावाही त्याच चालीचा: ‘लाखो वर्षे’ असं लिहिलेला पाडकामाचा लोखंडी गोळा चर्चच्या भिंतीवर आदळतोय. शत्रू आहे ‘बायबलही खरं, पृथ्वीही जुनी’ म्हणणारा सहधर्मी.

आणि असे सहधर्मी थोडेथोडके नाहीत. 4 फेब्रुवारी 2014 ला याच म्युझियममध्ये हॅम आणि टीव्हीवर विज्ञान समजावणारे बिल नाय यांचा उत्क्रांतीवर जाहीर वाद झाला. त्यानंतर टीव्हीवरून हॅमना फटकारलं ते पॅट रॉबर्टसन यांनी, म्हणजे धार्मिक उजव्यांच्या म्होरक्यानेच: आपलं हसं करून घेऊ नका, असा त्यांचा सूर होता. सिएटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट ‘बुद्धिमान रचना’ (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने रचले, हा विचार) मांडते, पण 6,000 वर्षांचा हट्ट धरत नाही. 2005 मध्ये डोव्हर खटल्यात (शाळेत ही ‘रचना’ शिकवण्यावरून झालेल्या) ती विज्ञान नव्हे असा निकाल दिला न्यायाधीश जोन्स यांनी; त्यांना नेमलं होतं रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीच. उजवे स्तंभलेखक चार्ल्स क्राउथॅमर यांनीही त्याच वर्षी तिच्यावर कोरडे ओढले. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांना ‘उत्क्रांती न मानणारे कोण?’ असं विचारलं, तेव्हा दहापैकी तीनच हात वर गेले: ब्राउनबॅक, हकबी, टॅन्क्रेडो. (आपल्याकडे 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत डार्विनला चूक ठरवून गेले, तेव्हा त्यांना आवरायला पुढे आले ते त्यांच्याच पक्षाचे जावडेकर. फट तीच.)

पैशाचा प्रश्न आला की मात्र ही फट बुजते. केंटकी राज्याने तारवाला 1.8 कोटी डॉलरपर्यंतची विक्रीकर-सवलत 2014 मध्ये नाकारली, कारण तिथल्या नोकरभरतीत धर्माची अट होती. 2016 मध्ये केंद्रीय न्यायालयाने तारवाच्या बाजूने कौल दिला, आणि रिपब्लिकन गव्हर्नर बेविन यांनी अपील केलं नाही. तारवाच्या वकिलांपैकी एक माइक जॉन्सन. पुढे 2023 मध्ये ते अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती झाले.

आता जाण्याबद्दल. दोन्ही ठिकाणांत गाडीने पाऊण तास. तारवासाठी आय-75 महामार्गावरून 154 क्रमांकाच्या फाट्याने बाहेर पडा. गाडी लावायचे पैसे वेगळे, आणि तिथून तारवापर्यंत त्यांची बस. मजल्यांमध्ये उताराच्या वाटा आणि लिफ्ट असल्याने चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी नेता येते. फलक सगळे वाचायचे तर तारवाला चार तास लागतात. दोन्ही एका दिवसात उरकायला गेलात तर तिसऱ्या मजल्यावर पायच चालत नाहीत. जोडतिकीट घ्या, दोन दिवस ठेवा. आधी म्युझियम, मग तारू. उलट केलंत तर म्युझियम पुनरुक्तीचं वाटतं.

मधल्या वेळात बिग बोन लिक या राज्य ऐतिहासिक स्थळाला जा. मॅमथ आणि मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या लुप्त प्राण्यांची हाडं तिथे सापडली. राष्ट्राध्यक्ष जेफरसनसाठी शोधप्रवासी विल्यम क्लार्कने 1807 मध्ये ती खणून काढली. आणि मुळात हा सगळा टापूच ऑर्डोव्हिशियन या अतिप्राचीन कालखंडातल्या चुनखडीवर बसलाय. सिनसिनाटीच्या आसपास रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे नुसतं वाकून बघितलं तरी 45 कोटी वर्षांपूर्वीचे शिंपले दगडात भरलेले दिसतात, त्यांना तिकीट नाही.