मुंबईच्या साहित्यावर प्रबंध करायचाय? बडोद्यातल्या मांडवीची सेंट्रल लायब्ररी कितपत पुरते

बडोद्यात एम.ए. करताना ‘मराठी साहित्यातली मुंबई’ हा विषय घेतला की पहिला सल्ला मिळतो, ‘मुंबईलाच जा’. तो अर्धाच बरोबर आहे. विषय एकोणिसाव्या शतकातल्या शहराचा असेल तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. १९६०नंतरची मुंबई हवी असेल तर मात्र इथं फार दिवस घालवू नका.

लायब्ररी १९१०ची. सयाजीराव महाराजांनी आपला खासगी संग्रह दिला आणि अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून तिची घडी बसवली. त्याच्या आदल्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं. दरबार मराठी, वाचणारे मराठी. त्यामुळे इथली मराठी पुस्तकं ‘इतर भाषा’ म्हणून मागाहून येऊन बसलेली नाहीत. लोखंडी मांडण्या आणि मजल्यामजल्यांमधली काचेची जमीन एकदा नीट पाहून घ्याच. उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून केलेली ही रचना आहे, आणि ती अजूनही मन प्रसन्न करते.

खरी अडचण शोधण्यात येते, आणि ती जुन्या मराठी पुस्तकांच्या कुठल्याही सूचीत येते. पुस्तक मिळालं नाही तर ते नाहीच असं समजू नका, आधी नाव तपासा. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांवर ते आहेत. ‘मुंबईचे वर्णन’ मूळ छपाईत ‘मुंबईचें वर्णन’ असतं. संगणकाला ही दोन वेगळी नावं वाटतात, म्हणून दोन्ही टाका, रोमन लिपीतली नोंदही पाहा. लेखकाचंही तसंच. याच पुस्तकाचे लेखक गोविंद नारायण माडगावकर आडनावाखाली सापडले नाहीत तर ‘गोविंद’खाली पाहा, कारण त्या काळी आडनावाशिवाय नाव छापण्याची पद्धत होती.

मुखपृष्ठावर नुसता शक असेल तर ७८ मिळवा: शके १७८५ म्हणजे १८६३. जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. प्रबंधांमध्ये एका वर्षाची चूक बऱ्याचदा इथूनच शिरते. आवृत्तीही लगेच टिपून ठेवा. पहिल्या छपाईची आणि पुनर्मुद्रणाची पानं जुळत नाहीत, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की तळटीपा शेवटच्या आठवड्यात पुन्हा कराव्या लागतात. जुना कागद कडेला तुटतो, म्हणून झेरॉक्ससाठी पुस्तक दाबून उलटं घालू नका. परवानगी घेऊन वरून फोटो काढा, पहिला फोटो मुखपृष्ठाचा.

वाचनासाठी माडगावकरांचं १८६३चं वर्णन आणि आचार्य-शिंगणे यांचा १८८९चा ‘मुंबईचा वृत्तांत’ ही जोडी शेजारी ठेवून वाचावी. मधल्या सव्वीस वर्षांत शहर किती फुगलं हे एकेका प्रकरणागणिक दिसतं, आणि एवढ्यावर एक चांगलं प्रकरण उभं राहू शकतं. पण दोन्ही पुस्तकं १८९६च्या प्लेगच्या आधीची आहेत. प्लेगनंतर १८९८मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढले गेले. ते रस्ते या पुस्तकांत शोधू नका, आणि यातल्या गल्ल्या आजच्या नकाशावर बोट ठेवून सांगू नका. त्या काळचा नकाशा हाताशी नसेल तर स्थळांबद्दलची विधानं जपून करा.

हीच चूक पुढच्या काळातही होते. मुंबईतल्या काळा घोडा चौकावरच्या अरुण कोलटकरांच्या इंग्रजी कविता, ‘काला घोडा पोएम्स’, २००४मध्ये आल्या, पण ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५लाच हलवला होता, आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चौकात आज दिसणारा स्वाराविना घोडा २०१७चा. कवितेतला चौक कोणत्या वर्षांतला हे ठरवल्याशिवाय त्यावर लिहू नये.

साठनंतरच्या साहित्यासाठी वाट वेगळी. नारायण सुर्वे, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ यांची पुस्तकं दुकानातून विकत घेता येतात, तिथं लायब्ररीवर अवलंबून राहायची गरज नाही. अडतं ते अनियतकालिकांपाशी, म्हणजे छोट्या ‘लिटल मॅगझिन’पाशी. थोड्याच प्रती निघायच्या, अंक अनियमित, त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांत ते क्वचितच सापडतात. गिरणगावावर, विशेषतः १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपावर लिहिणाऱ्यांना त्या वर्षांची वर्तमानपत्रंही लागतात. यासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी गाठावी लागेल. आधी फोनवर वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या. सोबत कॉलेजचं ओळखपत्र आणि मार्गदर्शकांचं सहीशिक्क्याचं पत्र ठेवा, हवे ते अंक महिना-वर्षासह लिहून न्या. किमान तीन दिवस हाताशी ठेवा: पहिला दिवस परवानगी आणि सूचीतच जातो.