क्रॉसकार्मेलोज सोडियम: गोळी फोडायच्या कामात अजूनही माझा पहिला चॉईस

गोळीत डिसइंटिग्रंट, म्हणजे पाणी लागल्यावर गोळी फोडणारा घटक, हे नुसतं भरताड नाही, गोळी फुटलीच नाही तर आतलं औषध कितीही भारी असू दे, ते विरघळणार कधी आणि रक्तात जाणार कधी? म्हणून या पावडरीवर जरा सविस्तर लिहितोय.

सेल्युलोजपासून बनवलेली, क्रॉसलिंक केलेली, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडलेली, पांढरी पावडर. क्रॉसलिंकिंगमुळे पाण्यात विरघळत नाही, फक्त फुगते, शिवाय तंतूंसारखे कण पाणी गोळीच्या आतपर्यंत ओढून नेतात. हे ओढणं आणि फुगणं दोन्ही एकत्र होतं म्हणून कमी प्रमाणात काम होतं, डायरेक्ट कॉम्प्रेशनला (कोरडी पावडर थेट दाबून गोळी) गोळीच्या वजनाच्या 2 टक्के आणि वेट ग्रॅन्युलेशनला (पावडर ओली करून आधी दाणे म्हणजे ग्रॅन्युल, मग गोळी) 3 टक्के साधारण पुरतात. साधा स्टार्च वापरायचा तर याच्या कितीतरी पट घालावा लागतो.

गोळी किती वेळात फुटते याच्या चाचणीत ती जाळीच्या बास्केटमध्ये ठेवतात, 37 डिग्रीच्या पाण्यात बास्केट वर-खाली सुरू झालं की बघत उभं राहा, आधी कडा फुगून सुटतात, मग भेगा पडतात आणि गोळीचा भुगा होऊन जाळीतून खाली जातो. मध्ये मऊ गोळा अडकून बसला तर समजायचं आतपर्यंत पाणी पोचलं नाही. युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाचे नियम देणारा ग्रंथ) साध्या अनकोटेड गोळीला 15 मिनिटांची मर्यादा आहे, पण मला तेवढी वाट बघायला लागली तर फॉर्म्युला परत बघावासा वाटतो.

वेट ग्रॅन्युलेशन असेल तर सगळा डिसइंटिग्रंट आतच टाकू नका, थोडा ग्रॅन्युलच्या आत आणि थोडा बाहेर, म्हणजे गोळी फुटून ग्रॅन्युल होतात आणि मग ग्रॅन्युलही फुटतात. आणि मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून घालतात ते वंगण) जास्त वेळ मिक्स केलं तर कणांवर त्याचा थर बसतो, पाणी आत जायला वेळ लागतो आणि दोष उगाच डिसइंटिग्रंटवर येतो!

कमतरता पण आहेत. ही पावडर आयोनिक (विद्युतभार असलेली) आहे त्यामुळे आम्लात फुगणं कमी होतं, बेसिक (अल्कधर्मी) औषधं तिच्यावर चिकटू शकतात. अशा वेळी मी क्रॉसपोव्हिडोन हा दुसरा डिसइंटिग्रंट घेतो, ते नॉनआयोनिक आहे आणि जेल करत नाही, पण त्यात पेरॉक्साइड असतात म्हणून ऑक्सिडाइझ होणाऱ्या औषधाला ग्रेड नीट बघून घ्या. सोडियम स्टार्च ग्लायकोलेट हा तिसरा डिसइंटिग्रंट पण चांगला, 4 टक्क्यांच्या आसपास मस्त चालतं, मात्र 8 च्या वर गेलात की चिकट जेल होतं आणि गोळी उलट उशिरा फुटते, ‘अजून थोडं टाकू’ हा विचार तिथे महागात पडतो.

आणि हो, क्रॉसकार्मेलोज ओलावा खेचतं, डबा उघडा ठेवला तर पावडर हवेतलं पाणी आधीच पिऊन बसते, म्हणून काम झालं की लगेच झाकण घट्ट लावा.