युरोपच्या गाडीविक्रीचा मासिक तक्ता: फुकट आहे, चोख आहे, फक्त टक्क्यांपासून सावध

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लॅनिंग बघते. आमचा बराचसा माल युरोपात जातो. तिकडे कोणत्या ब्रँडच्या गाड्या खपताहेत आणि कोणाच्या डीलरच्या आवारात उभ्या आहेत, हे वेळेत कळलं नाही तर इकडे फिनिश्ड गुड्सचे क्रेट छतापर्यंत जातात. गिऱ्हाइकाचं शेड्यूल येतं, नाही असं नाही. पण शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल यांत केवढी दरी असते ते या लाइनमधल्या कोणालाही विचारा. म्हणून बाजाराची स्वतंत्र खबर हवी. ती विकत देणाऱ्या मोठमोठ्या संस्था आहेत, पण त्यांची वर्गणी आमच्यासारख्यांच्या खिशाला झेपणारी नाही. उरतो ब्रसेल्सच्या एसीईएचा, म्हणजे युरोपातल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेचा, दरमहा निघणारा तक्ता. एक पैसा लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही, पीडीएफ उघडायची आणि वाचायची. बरीच वर्षं वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू.

महिना संपला की साधारण तीन-चार आठवड्यांनी तो येतो, तिकडच्या सकाळी ८ वाजता. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. पूर्वी जुलै आणि ऑगस्टचे आकडे सप्टेंबरमध्ये एकदम यायचे, कारण ऑगस्टमध्ये सगळा युरोप सुट्टीवर. आता जुलैचे ऑगस्टअखेरीलाच मिळतात, ही सुधारणा मला फार आवडली.

आत मुख्य गोष्टी दोन. एक तक्ता देशवार आणि इंधनवार, दुसरा ब्रँडवार. माझं काम दुसऱ्यावर. डावीकडे फक्त युरोपीय संघ. उजवीकडे त्यात ब्रिटन आणि नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड मिळवलेले. गटाच्या नावाखाली त्याचे ब्रँड: फोक्सवॅगनखाली स्कोडा, आउडी, सेआत, कुप्रा, पोर्शे, स्टेलांटिसखाली प्यूजो, ओपल, सिट्रोएन, फियाट आणि मोठं गोतावळं, रेनोखाली डाचिया. प्रत्येक ओळीत बाजारातला वाटा, यंदाच्या गाड्या, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या गाड्या आणि फरकाचे टक्के. शेजारीच जानेवारीपासूनची बेरीज. रंगरंगोटी नाही, फापटपसारा नाही. स्टेलांटिस २०२२ च्या शेवटी या संघटनेतून बाहेर पडली होती (पुढे परत आली), तरी तक्त्यातली तिची ओळ हलली नाही. रुसवेफुगवे आकड्यांत आणले नाहीत, याचे मी वेगळे गुण देते.

डावा भाग बघायचा की उजवा, हे आधी ठरवा. जर्मनीनंतरची मोठी बाजारपेठ ब्रिटनची आहे. २०२४ मध्ये जर्मनीत सुमारे २८ लाख नव्या गाड्या नोंदल्या गेल्या आणि ब्रिटनमध्ये साडेएकोणीस लाख. एमजी ब्रँड विकणाऱ्या साइक या चिनी कंपनीची ओळ डावीकडे वाचली तर वेगळी, उजवीकडे वाचली तर वेगळी, कारण एमजीचा मोठा खप ब्रिटनमध्येच आहे. बातम्यांमध्ये कोण डावीकडचा आकडा उचलतो, कोण उजवीकडचा, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोघांपैकी एक थापा मारतोय.

आता टक्क्यांचा रकाना. या तक्त्यात सगळ्यात जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा रकाना हाच. जुलै २०२५ चं घ्या. उजव्या बाजूला चिनी बीवायडीपुढे अधिक २२५ टक्के, टेस्लापुढे उणे ४० टक्के. आमच्या साहेबांनी तासाभरात बातमीची लिंक ग्रुपवर टाकली: ‘मॅडम, हे बघा. जर्मनवाल्यांचं कसं होणार?’ मी त्यांना टक्क्यांच्या डावीकडचा रकाना वाचून दाखवला. बीवायडी ४,१५१ वरून १३,५०३ वर गेली. टेस्ला १४,७६९ वरून ८,८३७ वर आली. आणि त्या महिन्यात एकूण गाड्या होत्या पावणेअकरा लाखांच्या वर. म्हणजे तिपटीहून जास्त झालेल्या बीवायडीचा वाटा जेमतेम सव्वा टक्का. दखल घ्यायलाच हवी, पण त्यासाठी चालू महिन्याचं मशीन लोडिंग बदलायचं नसतं. ज्या ब्रँडचा मागच्या वर्षीचा आकडा बारीक, त्याचे टक्के मोठे दिसणारच. अल्पीन, लान्चिया, स्मार्ट यांच्या ओळींत तर टक्के वाचूच नका.

टेस्लाची आणखी एक गंमत आहे. तिची ओळ महिन्याने वाचण्यासारखी नाहीच. या कंपनीची डिलिव्हरी तिमाहीच्या शेवटी उसळते. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर वर, मधले महिने खाली. बर्लिनजवळचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला तरी ही खोड पूर्ण गेलेली नाही. जानेवारी २०२५ ला १८,१६१ वरून ९,९४५, म्हणजे उणे ४५ टक्के, असा आकडा आला तेव्हा निम्म्या जगाने कारण मस्कच्या राजकारणात शोधलं. ते कारण खोटं होतं असं मी म्हणणार नाही, जर्मनीत निवडणुकीच्या तोंडावर त्याने जे काही चालवलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याच सुमाराला मॉडेल वाय बदलत होतं, आणि नवं दिसत असताना जुनं कोण घेणार? त्याच महिन्यात संघातली एकूण इलेक्ट्रिक गाड्यांची नोंदणी ३४ टक्क्यांनी वाढली होती, हे मात्र फारसं कोणी छापलं नाही. पुढचे महिनेही घसरणीचेच निघाले तेव्हा कळलं की नुसता मॉडेलचा खड्डा नव्हता. एका महिन्यावरून दोन्ही बाजूंनी छातीठोक बोलणाऱ्यांना मी तेव्हापासून गंभीरपणे घेत नाही.

दुसरी गोम कॅलेंडरची. आपल्याकडे दिवाळी ऑक्टोबरात आली की नोव्हेंबरात, यावर दुचाकीचे आकडे कसे नाचतात ते आपल्याला पाठ आहे. तिकडे ते काम ईस्टर करतो. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला पडला. मार्चला संघाची नोंदणी उणे ५.२ टक्के, आणि लगेच एप्रिलला अधिक १३.७. बाजार मंदीतून तेजीत वगैरे काही गेला नव्हता, कामाचे दिवस इकडचे तिकडे झाले होते. मार्चचा आकडा बघून ज्यांनी माल रोखला त्यांची एप्रिलमध्ये पळापळ झाली.

ब्रिटनमध्ये नंबरप्लेट. तिथे दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये प्लेटवरचा वर्षाचा अंक बदलतो. मार्च २०२५ पासून २५, सप्टेंबरपासून ७५. त्यामुळे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये माणूस गाडी पसंत करून थांबतो. हे दोन महिने ओस आणि मार्च-सप्टेंबर तुडुंब. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना असल्याने टक्क्यांत हे लपून जातं, पण गाड्यांच्या आकड्यात नाही, आणि आम्हाला माल गाड्यांसाठी पाठवायचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जग्वार लँड रोव्हरला सायबर हल्ल्याचा फटका बसला तो नेमका नवी प्लेट लागण्याच्या दिवशी, १ तारखेला. डीलरना नव्या गाड्या नोंदवता येईनात, कारखाने सुमारे पाच आठवडे बंद. मालकी टाटांची, त्यामुळे पुणे परिसरातही त्या महिन्यात चर्चेला दुसरा विषय नव्हता. तक्त्यात मात्र ही सगळी उलथापालथ एका ओळीत सामावते. कारण शोधायला बाहेरच जावं लागतं.

आणि तिसरी गोम म्हणजे सरकारी तारखा. यातला सगळ्यात मोठा धडा २०१८ चा. १ सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला डब्ल्यूएलटीपी ही नवी उत्सर्जन चाचणी सक्तीची झाली. जुन्या चाचणीवरच्या गाड्या त्याआधी नोंदवून मोकळं होण्यासाठी कंपन्यांनी ऑगस्टमध्ये झुंबड उडवली: अधिक ३१.२ टक्के. पुढच्याच महिन्यात उणे २३.५, आणि चाचण्या वेळेत न आटोपलेला फोक्सवॅगन गट जवळजवळ निम्म्यावर. ऑगस्टच्या आकड्यावर पेढे वाटले असते तर सप्टेंबरमध्ये तोंड लपवायची पाळी. असंच ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीच्या इलेक्ट्रिक गाड्या उणे ६८.८ टक्के दिसल्या. ‘जर्मनांनी इलेक्ट्रिककडे पाठ फिरवली’ असे मथळे झाले. घसरण खरी होती, डिसेंबर २०२३ मध्ये अनुदान अचानक बंद झालं होतं. पण उणे ६८.८ एवढं मोठं दिसायचं कारण आदल्या वर्षीचा ऑगस्ट: १ सप्टेंबर २०२३ पासून कंपन्यांना अनुदान मिळणार नव्हतं, म्हणून त्याआधी सगळ्यांनी गाड्या उरकून घेतल्या होत्या. फुगलेल्या महिन्याशी तुलना केली की कोणीही रोडावलेलाच दिसणार.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी तक्त्याच्या मथळ्यातच लिहिलेली असते आणि कोणी वाचत नाही. हे आकडे नोंदणीचे आहेत. गाडी पासिंग झाली की मोजली. ती एखाद्या कुटुंबाने घेतली, भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने घेतली, की डीलरने महिनाअखेरचं टार्गेट गाठायला स्वतःच्याच नावावर चढवली, सगळं एकाच रकान्यात. जर्मनीत एका दिवसासाठी नोंदवलेल्या अशा कोऱ्या गाड्या नंतर सवलतीत विकायचा रीतसर धंदा आहे. शिवाय तिथल्या नव्या गाड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश कंपन्यांच्या किंवा व्यवसायांच्या नावावर असतात. म्हणून डाचियाच्या ओळीचा मला वेगळाच आदर वाटतो. तिच्या गाड्या मुख्यतः खिशातून पैसे काढणारी घरगुती माणसं घेतात. ना दिखावा, ना मोठ्या जाहिराती, आणि २०२४ मध्ये युरोपात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली सँडेरो. आदल्या वर्षी तो मान टेस्लाच्या मॉडेल वायचा होता. सँडेरो पहिली आली हे मात्र या तक्त्यातून कळणार नाही, कारण इथे मॉडेलवार काहीच नसतं. मला हीच उणीव सगळ्यात जास्त बोचते. आमचा भाग एका प्लॅटफॉर्मवर, म्हणजे ठरावीक मॉडेलांच्या सामाईक सांगाड्यावर, जातो. स्कोडाची ओळ वर गेली याचा अर्थ आमची गाडी वर गेली असा नाही.

इंधनवार तक्त्याबद्दल थोडक्यात: हा ब्रँडवार तक्त्यापेक्षा जास्त विश्वासाने वाचावा. आकडे मोठे, कल सावकाश सरकणारा. २०१५ पर्यंत पश्चिम युरोपात नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त डिझेल असायच्या. २०२४ ला संघात डिझेलचा वाटा ११.९ टक्के. त्याच वर्षी इलेक्ट्रिक १३.६ आणि साध्या (बाहेरून चार्ज न होणाऱ्या) हायब्रिड ३०.९. डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या आमच्या आसपासच्या शेडमध्ये कोणत्या मशीन विकायला निघाल्या हे या एका ओळीतून समजतं. चिनी कंपन्यांचाही खुलासा इथेच सापडतो. ऑक्टोबर २०२४ अखेरीस संघाने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर मूळ १० टक्क्यांवर जादा आयातशुल्क लावलं, बीवायडीला १७ टक्के, साइकला ३५.३. हायब्रिडला ते लागू नाही. मग बीवायडीने प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या, हायब्रिडचा जोर लावला, आणि ब्रँडच्या ओळीत वाढ चालूच राहिली.

मी काय करते ते सांगते, ज्याला पटेल त्याने घ्यावं. महिन्याचे टक्के झाकून ठेवते. गाड्यांचा आकडा एक्सेलमध्ये उतरवते आणि लागोपाठ तीन महिन्यांची बेरीज मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी लावते. ईस्टर, तिमाहीची उसळी, नंबरप्लेट यांतलं बरंचसं त्यात विरून जातं. मग जानेवारीपासूनची बेरीज बघते. दोन्ही एकाच दिशेला असतील तरच गिऱ्हाइकाला मेल जातो की तुमचं शेड्यूल आणि बाजार जुळत नाही. लाल समुद्रातल्या हल्ल्यांपासून कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा न्हावा शेवाहून निघालेला माल आठवडा-दोन आठवडे जास्त पाण्यावर राहायला लागला. अशा वेळी एका महिन्याच्या आकड्यावर डिस्पॅच हलवणं म्हणजे कंटेनर पोचेपर्यंत चित्र पालटलेलं असणं.

तक्त्याला पाचपैकी चार. एक तारा मॉडेलवार माहिती नसल्याचा आणि घरगुती-व्यावसायिक फोड नसल्याचा कापला. ती फोड हवी असेल तर जर्मनीच्या केबीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी वाहन खात्याचं, महिन्याच्या सुरुवातीलाच येणारं पत्रक वाचा. ब्राउझरचं भाषांतर पुरेसं होतं. ब्रिटनच्या मोटार उद्योगाची संघटना एसएमएमटीही पहिल्या आठवड्यातच आकडे देते आणि सोबत पहिल्या दहा मॉडेलांची यादी. हे दोन आधी वाचून ठेवले की एसीईएचा तक्ता येईपर्यंत निम्मा अंदाज बांधून झालेला असतो, आणि ग्रुपवर साहेबांची लिंक यायच्या आत उत्तर तयार असतं.