फोंड्यातला अमेरिकन सरकारचा क्लास: जरूर करा, फक्त शेवटचा भाग घाईत उरकतात

फोंड्यात बाजाराजवळच्या एका हॉलमध्ये संध्याकाळचा छोटा कोर्स चालतो, अमेरिकेची संसद आणि राष्ट्राध्यक्ष काम कसं करतात एवढाच विषय, आणि सगळं मराठीतून. कोणी कोंकणीत विचारलं तर बाई कोंकणीत उत्तर देतात. फी पाचशे रुपये, झेरॉक्स नोट्स त्यातच आल्या. वर्गात निम्मे लोक मुलं तिकडे असलेले आईबाप, बाकी स्पर्धा परीक्षावाली पोरं आणि बोटीवर नोकरी करून आलेले दोघंतिघं तारवटी.

बाईंचं शिकवणं मला मनापासून आवडलं, कारण त्या अमेरिकेपासून सुरुवातच करत नाहीत, पर्वरीपासून, म्हणजे आपल्या गोवा विधानसभेपासून करतात. आपले ४० आमदार, २१ जमले की सरकार, फुटले की सरकार धोक्यात, हे आपल्याला न शिकवता येतं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार एकदम भाजपात गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ८ गेले, हे सगळं आपण बघितलंय. मग बाईंनी २००१ चं उदाहरण दिलं. तेव्हा सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, ५०-५० अशी बरोबरी होती, उपराष्ट्राध्यक्षांच्या एका मतावर रिपब्लिकन वरचढ होते, आणि व्हरमाँट या लहानशा राज्याचे सिनेटर जिम जेफर्ड्स पक्ष सोडून अपक्ष झाले आणि डेमोक्रॅट्सबरोबर बसायला लागले. झालं, सिनेटचा ताबा एका माणसामुळे दुसऱ्या पक्षाकडे गेला, सगळ्या कमिट्यांचे अध्यक्ष बदलले, पण राष्ट्राध्यक्ष बुश होते तिथेच राहिले, त्यांच्या खुर्चीला काही झालं नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष सभागृहाच्या बहुमतावर उभा नसतोच, त्याची निवडणूक वेगळी आणि चार वर्षांची मुदत ठरलेली. हे मी पेपरात कितीतरी वेळा वाचलं असेल पण डोक्यात शिरलं ते या एका उदाहरणाने.

त्याच्या पुढचा मुद्दा तर मला अजून अस्वस्थ करतो. तिकडे संसदेचा सदस्य असताना मंत्री होता येत नाही, राज्यघटनेतच मनाई आहे. हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा सिनेटची जागा सोडली, मार्को रुबिओंनी २०२५ मध्ये तेच केलं. शिवाय मंत्र्याच्या नावाला सिनेटची मंजुरी लागते. आपल्याकडे मुख्यमंत्री धरून १२ जण मंत्रिमंडळात बसू शकतात, म्हणजे ४० मधले १२ सरकारातच, वर महामंडळं वाटलेली वेगळी, मग त्या सरकारला जाब विचारायला सभागृहात उरतं कोण? हा प्रश्न एका कॉलेजच्या मुलीने विचारला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली, बाईंनी होऊ दिली, याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

बिलाचा प्रवास त्यांनी २०२० च्या संरक्षण खर्चाच्या बिलावरून शिकवला. आधी कमिटी, मग सभागृह, दोन्ही सभागृहांत शब्दन् शब्द सारखा मजकूर पास व्हायला हवा, मग राष्ट्राध्यक्षाकडे रविवार सोडून १० दिवस. ट्रम्प यांनी ते बिल २३ डिसेंबरला परत पाठवलं, हाऊसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, २८ तारखेला आणि सिनेटने १ जानेवारी २०२१ ला दोन तृतीयांश मतांनी पुन्हा पास केलं आणि राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय कायदा झाला. असं क्वचितच होतं हेही सांगितलं. सिनेटमध्ये बहुतेक बिलांवरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात, त्यामुळे ५१ असूनही बिलं अडकून पडतात, हा भाग थोडा अजून खोलात हवा होता.

गोवेकरांनी नीट ऐकावं असं म्हणजे सिनेटची रचना. हाऊसच्या ४३५ जागांपैकी कॅलिफोर्नियाला ५२ आणि वायोमिंगला फक्त १, पण सिनेटमध्ये दोघांनाही दोनच. आपली राज्यसभेत एक जागा आणि उत्तर प्रदेशच्या ३१. लहान राज्यात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको.

पैशाचा विषयही छान झाला. आपल्याकडे बजेट पडलं तर सरकार पडतं, तिकडे सरकार राहतं आणि कामकाज बंद पडतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तसंच झालं, लाखो कर्मचारी बिनपगारी. मुलाच्या व्हिसाची काळजी असलेल्या एका काकींना बाईंनी समजावलं की व्हिसाचं काम मुख्यतः फीच्या पैशावर चालतं म्हणून ते सहसा चालू राहतं, काकींचा चेहरा लगेच मोकळा झाला.

आता कमी काय ते. राष्ट्राध्यक्षाच्या आदेशांचा भाग शेवटच्या संध्याकाळी अर्ध्या तासात उरकला, आणि आईबापांना तर तेच हवं होतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचंच बघा, वर्षाला ६५ हजार आणि तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी अजून २० हजार ही मर्यादा संसदेच्या कायद्यातली, ती बदलायला संसदच लागते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले ते राष्ट्राध्यक्षाच्या घोषणेने. कुठली गोष्ट एका सहीने बदलते आणि कुठली नाही, हे घरात अर्ज भरून बसलेल्यांना कळायलाच हवं, त्यावर अख्खी एक संध्याकाळ द्या. महाभियोगावरही घाईच झाली, हाऊस आरोप ठेवतं, सिनेट दोन तृतीयांशने काढू शकतं, आजवर एकही राष्ट्राध्यक्ष तसा काढला गेला नाही, एवढ्यावर आटोपलं. झेरॉक्स फिक्या आहेत, मागच्या बाकावर ऐकू येत नाही, एक माईक हवाच.

तरी पाचशे रुपयांत एवढं नीट मराठीतून कोण शिकवतं? पुढची बॅच गणेश चवथ झाल्यावर आहे, एक संध्याकाळ वाढवायची विनंती मी बाईंना केलीय आणि त्या हो म्हणाल्यात. नाव आधी घाला, हॉल लहान आहे, आणि जमलं तर पुढच्या बाकावर बसा.