यंग ईगल्स: मुलांना मोफत विमानात नेणारा उपक्रम आणि आमचे पायलट आजोबा

अमेरिकेत राहणाऱ्या, घरात 8 ते 17 वर्षांचं मूल असलेल्या प्रत्येक मराठी आईबापाला माझं सांगणं आहे की यंग ईगल्समध्ये त्याचं नाव नोंदवा. एक पैसा लागत नाही. छोट्या विमानात पायलटसोबत पंधरा-वीस मिनिटांची फेरी मिळते. माझ्याकडून पाचपैकी पाच.

माझ्या लेकीला ज्यांनी नेलं ते पायलट या हिवाळ्यात आपल्यातून गेले. ते निवृत्त गृहस्थ होते, त्यांचं स्वतःचं जुनं सेसना 172, म्हणजे चार जणांचं छोटं विमान, होतं, आणि उन्हाळ्यातले शनिवार ते या मुलांसाठी राखून ठेवायचे. आमच्या घरात ते ‘पायलट आजोबा’च झाले होते. या सेवेबद्दल लिहायचं तर त्यांच्याबद्दलच लिहावं लागेल, कारण इथे सेवा म्हणजे तो माणूसच असतो.

उपक्रम 1992 मध्ये सुरू झाला. चालवणारी संस्था ईएए, म्हणजे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशची. पहिले अध्यक्ष अभिनेते आणि पायलट क्लिफ रॉबर्टसन. त्यांच्यानंतर चक येगर, 1947 मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणारे तेच. 2016 पर्यंत वीस लाख मुलं उडून आली होती. नावं मोठी आहेत, पण हे सगळं उभं आहे ते गावोगावच्या छोट्या विमानतळांवरच्या स्वयंसेवकांवर. विमान त्यांचं, वेळही त्यांचा. सेसना 172 तासाला साधारण तीसेक लिटर इंधन पिते, आणि आजोबा ते स्वतःच्या खिशातून भरायचे.

विमानाजवळ गेल्यावर त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि त्यानंतर मला जवळजवळ विसरूनच गेले. सगळं बोलणं लेकीशी, तेही गुडघ्यावर बसून, तिच्या उंचीला येऊन. उड्डाणाआधीची तपासणी त्यांनी तिच्याकडूनच करून घेतली. पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन एका पारदर्शक कपात काढलं आणि कप उन्हात धरायला सांगितला. ‘‘रंग कोणता दिसतो?’’ निळा. ‘‘तळाशी बुडबुड्यासारखं काही?’’ नाही. मग त्यांनी समजावलं: पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं, ते इंजिनात गेलं तर इंजिन वर हवेत बंद पडू शकतं. लेकीने कप परत परत फिरवून पाहिला. ऑइलची पट्टी तिनेच बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून पातळी वाचली. मागची शेपटी हलवून पाहिली. घाईचं नाव नाही, आणि मागे रांगेत मुलं उभी होती तरी कुणी कुरकुरलं नाही.

पंख्याजवळ कुणी नाही ना हे पाहून इंजिन सुरू करण्याआधी पायलट ‘क्लिअर प्रॉप!’ असं मोठ्याने ओरडतात. ते त्यांनी तिला ओरडायला लावलं. आमची लेक वर्गात हात वर करायला लाजते. त्या दिवशी तिचा आवाज मला कुंपणापाशी ऐकू आला.

वर गेल्यावर काही वेळ त्यांनी तिच्या हाती योक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, दिला. डावीकडे वळायचं असेल तर आधी डावीकडे नीट बघायचं, मगच वळायचं, हे ती आता सायकलवरसुद्धा करते. खाली आल्यावर त्यांनी तिच्या नावाने लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, भरलं, सही केली आणि ‘‘पुढची पानं तू भरायची’’ म्हणाले. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने आधी ‘‘एवढ्याशा विमानात पोरीला बसवलंस?’’ म्हणून मला फैलावर घेतलं, मग नातीकडून पूर्ण तासभर सगळं ऐकून घेतलं.

त्यांच्या आठवणीसाठी आम्ही सगळे त्यांच्या हँगरमध्येच, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, जमलो होतो. ज्यांना त्यांनी लहानपणी नेलं होतं अशी बरीच मंडळी आली होती. त्यातली एक तरुणी आज विमानांची मेकॅनिक आहे. तिनेही पहिल्यांदा तो निळा कप त्यांच्याच हातून घेतला होता.

काळजी करणाऱ्या पालकांसाठी: मुलांना नेणाऱ्या पायलटची पार्श्वभूमी तपासली जाते आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण त्यांना घ्यावंच लागतं. तुमच्या सहीशिवाय मूल विमानात बसत नाही. उड्डाणानंतर ईएएचं विद्यार्थी सदस्यत्व आणि विमान शिकण्याचा ऑनलाइन कोर्स मोफत मिळतो; तो कोर्स खरोखर दर्जेदार आहे, वाया घालवू नका. शक्यतो सकाळची वेळ घ्या. दुपारी जमीन तापली की छोटं विमान हलतं आणि मुलांना मळमळतं. वारा किंवा ढग असले तर उड्डाण रद्द होतं. रद्द करणारा पायलट चांगला पायलट, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. उड्डाण झाल्यावर लगेच गाडीकडे पळू नका. तपासणीच्या वेळी आणि नंतर प्रश्न विचारायला मुलाला मोकळं सोडा, या माणसांना ते मनापासून आवडतं.

अठरावा वाढदिवस झाला की यंग ईगल्सचं दार बंद होतं, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका. मोठ्यांसाठी त्यांचंच ‘ईगल फ्लाइट्स’ आहे. त्यात मी माझं नाव दिलं आहे.