वास गेला: फवारा की वासाचा सराव?

कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जाताहेत आणि जळगावच्या माणसाला वासच येत नाही? आधी नाक तपासा. सायनसची सूज किंवा पॉलिप (नाकातली मऊ गाठ) असेल, तर हवा नाकाच्या छताजवळच्या गंधपेशींपर्यंत पोचतच नाही. तिथे स्टेरॉइडचा फवारा कामाचा. पण रोज, आठवडेच्या आठवडे. आणि नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं. बरेच जण इथेच चुकतात.

नाक मोकळं, पण सर्दी-कोविडनंतर वास गेलेला? मग सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वास-संशोधक थॉमस हुमेल यांच्या २००९च्या अभ्यासात गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले होते. खर्च किरकोळ, चिकाटी मात्र लागते. सूज तशीच ठेवून नुसती लवंग हुंगणं मला तरी फुकटचा खटाटोप वाटतो.